सपिटाच्या चाळणीतून गाजरगवत

मित्रांनो, मी सपिटाची चाळणी. जुनी म्हणालात तर राग नाही, भंगार म्हणालात तर मात्र गाठ माझ्याशी आहे. माझं कडं अस्सल पितळेचं आहे, हल्लीच्या पत्र्याचं नाही. माझी जाळी इतकी बारीक, की तिच्यातून रवासुद्धा खाली उतरत नाही. उतरतं ते फक्त सपीट, बोटाला लागलं तर कळतसुद्धा नाही असं.

परभणीच्या बाजारातल्या एका कासारानं मला निजामाच्या अमलात घडवलं. कडं ठोकून गोल केलं, जाळी ताणून बसवली आणि आपल्या बायकोला म्हणाला, "ही ज्या घरात जाईल त्या घरची पोळी फुंकरीनं उडंल." मी पिंगळीला सगुणाबाईच्या घरी गेले, तिच्या लग्नात, तिच्या माहेरच्या भांड्यांत. आणि खरोखर त्या घरची पुरणपोळी इतकी पातळ झाली, की पंगतीतले म्हातारे ती उजेडात धरून बघायचे. शेवया, करंज्या, अनारसे, काहीही असो, आधी मी. झारा, पळी, उलथनं सगळे एका दांडीला दाटीवाटीनं लटकायचे. मला मात्र पिठाच्या डब्यावर स्वतःचा वेगळा खिळा होता.

गल्लीतल्या बाया मला मागून न्यायच्या. सगुणाबाई द्यायची, पण बजावून द्यायची, "न्या, पण पाणी लावू नका. पाणी लागलं तर मला तोंड दाखवू नका." सपिटाच्या चाळणीला पाणी लावायचं नसतं, मित्रांनो. ओल्या जाळीत पीठ चिकटतं आणि भोकं बुजतात. मला आपटून झटकायचं, ऊन दाखवायचं आणि खिळ्याला लावायचं. एवढी माझी सेवा. कुणी माझ्यासाठी मखमल आणली नाही. मी मागितलीही नाही.

मग घरात ती आली.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली असतील. सगुणाबाईचा धाकटा मुलगा दिनकर परभणीच्या कॉलेजात झाडापानांचं शास्त्र शिकवायचा. एके दिवशी तो पिंगळीच्या स्टेशनवर उतरला तो कॉलेजातली एक लाकडी पेटी लेकरासारखी उराशी धरूनच. पेटीत कापूस, कापसात मखमल आणि मखमलीत ती. सूक्ष्मदर्शक तिचं नाव. गावात सगळे दुर्बीणच म्हणायचे. मी तिला एकडोळी म्हणते. एकच डोळा, आणि तोही दुसऱ्यानं लावायचा.

सगुणाबाईनं तिला हळद-कुंकू वाहिलं. शेजारची सुलाबाई पदर सावरत बघायला आली.

"दिनकर, ह्याच्यातून देव दिसतो का रं?"

"देव न्हाई काकू, धूळ दिसती. बारीक धूळ लय मोठी दिसती."

"धूळ बघायला एवढं आणलं व्हय? मग आमच्या घरी यायचं की. आमच्याकडं हाय तशीच मोठी दिसती."

सगळे हसले. मी नाही हसले. नव्या नवरीला बघायला येतात तशा बाया दोन दिवस येत होत्या, आणि माझ्याकडे, मित्रांनो, कुणी मान वर करून बघितलं नाही.

ती का आली ते सांगायला हवं. सगुणाबाईच्या थोरल्या सुनेचं नाव कमल. पाऊस उघडला की दर वर्षी कमलला शिंका सुरू व्हायच्या. डोळे लाल, नाक वाहतं, आणि रात्रंदिवस छातीत शिट्टी वाजल्यासारखा श्वास. सगुणाबाईचं म्हणणं एकच होतं.

"खुरपं धरलं की हिला शिंका येतात. ताटावर बसली की एक येत न्हाई."

"आत्याबाई, मी मुद्दाम करते का?" कमल म्हणायची आणि तेवढं बोलतानाही तिला दोनदा थांबावं लागायचं.

कमलचा नवरा बन्सीधर गप्प राहायचा. शेत सोडलं तर गप्प राहणं हेच त्याचं मुख्य काम. त्या वर्षी सगुणाबाईनं कमलच्या वडिलांना, देवगाव फाट्याच्या भगवानरावांना, निरोप धाडला, "दसऱ्याला या आणि लेकीला घेऊन जा. बरी झाली तर आणून सोडा, न्हाई झाली तर राहू द्या तिकडंच." आणि सुलाबाईच्या एका भाचीचं नाव घरात उगाचच निघायला लागलं. भाची म्हणे दणकट होती. नाव का निघतंय ते कमललाही कळत होतं.

दिनकर आईला म्हणाला, "माय, हे नाटक न्हाई. कशाचे तरी पराग हवेतून वहिनीच्या नाकात जायलेत. फुलांतली धूळ असती ना, ती. कशाची ते मला काढू दे, मग काय करायचं ते कर."

"काढ," सगुणाबाई म्हणाली. "दसऱ्यापर्यंत काढ."

परभणीच्या डॉक्टरांनी दिनकरला सांगून ठेवलं होतं, की ज्या ज्या झाडाचा संशय आहे त्याचा पराग वेगवेगळा आणि निर्भेळ आणा. त्याचा अर्क कमलच्या हातावर टोचू. ज्यानं गांधी उठेल तो वैरी. पण एकात दुसऱ्याची भेसळ असेल तर सगळं फुकट. आणि भेसळ आहे का, ते एकडोळीच सांगणार.

संशय तिघांवर होता. शेतातली ज्वारी, विहिरीवरची बाभूळ आणि परसात माजलेलं गाजरगवत. हे पांढऱ्या फुलांचं गवत दुष्काळातल्या परदेशी धान्याबरोबर आलं असं लोक म्हणत. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण परसातल्या हौदाभोवती ते कमरेएवढं वाढलं होतं आणि कमल रोज तिथंच भांडी घासायला बसायची.

दिनकरनं फुलं आणली. तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांवर सावलीत वाळवली. वाळल्यावर झटकली, पण झटकल्यावर फुलांचा चुरा, केसरं, किडे सगळंच पडलं. त्यातून नुसता पराग वेगळा कसा काढायचा? तो स्वयंपाकघरात आला, सगळीकडे बघितलं आणि मला खिळ्यावरून काढलं.

खरं सांगते, त्या क्षणी मी कड्यापासून जाळीपर्यंत ताठ झाले.

तोंडाला रुमाल बांधून, दारं-खिडक्या लावून तो मला हळू हळू हलवायचा. एका दिवशी एकच झाड. दुसरं घेण्याआधी मऊ कुंचल्यानं माझं भोक न् भोक झाडायचं आणि दिवसभर ऊन दाखवायचं. चुरा माझ्या पोटात राहायचा आणि खाली काचेच्या वाटीत पिवळट धूळ पडायची. सपीटही तिच्यापुढे जाडंभरडं वाटावं अशी धूळ. मग दिनकर ती धूळ ईथर नावाच्या उग्र वासाच्या औषधात खळबळून तिचं तेल काढायचा आणि वाळवून छोट्या शिश्यांत भरायचा. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

कमलनं एकदा दारातून विचारलं, "भाऊजी, पाण्यानं धुतलं तर चालत न्हाई का?"

"पाणी लागलं की पराग फुगतो वहिनी. फुटतो. ज्याच्यानं शिंका येतात ते आतलं सत्त्व वाहून जातं आन् हातात नुसतं टरफल राहतं."

मग चिमूटभर पराग काचपट्टीवर, वर गुलाबी रंग घातलेल्या ग्लिसरीनच्या जेलीचा थेंब, त्यावर पातळ काच, आणि ती पट्टी एकडोळीच्या खाली. दिनकर डोळा लावायचा आणि तोंडानं नुसता च्, च् करायचा. कौतुकाचं च्, च्.

"वहिनी, बाभळीचा बघा. एक-एक दाणा न्हाईच, सगळे मिळून लाडू वळलाय. ज्वारीचा कसा गुळगुळीत हाय. आन् ह्या गाजरगवताच्या अंगाला बघा कसे काटे हायत."

कमल तोंडाला पदर लावून बघायची. बन्सीधर बघायचा. सुलाबाई तर रोज बघायची. ते लाडू, ते काटे, सगळं माझ्या जाळीतून खाली उतरलेलं. मला हजार डोळे, पण त्यातला एकही मला त्या धुळीत काही दाखवू शकला नाही. तिला एक, आणि त्याला सगळं दिसतं. माझ्या पोटातलं माणिक तिच्या बोटात चमकत होतं, आणि लोक बोटाचं कौतुक करत होते.

काम झालं की तिच्यावर मखमल. मला दिनकरच्या खोलीच्या दारामागे अडकवायचं. स्वयंपाकघरात मला मज्जाव झाला होता. सगुणाबाई म्हणाली, "औषधात बाटलेली चाळणी. हिच्यातलं पीठ आता देवाला चालायचं न्हाई." तिनं बाजारातून पत्र्याची चाळणी आणली आणि ती माझ्या खिळ्याला लावली. पत्र्याची, मित्रांनो. माझ्या खिळ्याला.

आता जे झालं ते ऐका. आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातल्या झाडून सगळ्या वस्तू बाहेर काढायच्या, गोधड्या, वाकळा, भांडीकुंडी ओढ्यावर न्यायची आणि धुवून काढायची. मळकं काही घरात राहिलं तर देवी बसायची नाही. त्या दिवशी दिनकर कॉलेजात होता, बन्सीधर शेतात आणि कमल आतल्या खोलीत उशीला टेकून श्वास ओढत पडलेली. सगुणाबाई आणि सुलाबाईनं ओसरी काढली, माजघर काढलं, आणि मग सगुणाबाईनं दिनकरच्या खोलीचं दार उघडलं.

"अगं बाई, ह्या मास्तराचा उकिरडा बघ."

काचपट्ट्यांवर गुलाबी डाग. शिश्यांच्या तळाशी धूळ. दोघींनी सगळं पाटीत घातलं, ओढ्यावर नेलं आणि राखेनं लख्ख घासलं. डाग निघेनात तर सगुणाबाईनं नखानं खरवडले. एकडोळीला पण नेणार होती, पण जड म्हणून ओल्या फडक्यावर भागवलं. मला हात लावला नाही. बाटलेली असले तरी सपिटाची चाळणी, पाणी लावायचं नाही, एवढा माझा मान तिनं राखला.

संध्याकाळी दिनकर आला तेव्हा ओट्यावर सगळ्या शिश्या पालथ्या घातलेल्या होत्या.

"माय, ह्या शिश्या..."

"बघ कशा झळकायल्यात. कसल्या घाणीत ठेवल्या होत्यास."

"तळाशी धूळ होती त्यात."

"होती ना. लय चिवट."

"माय, ती धूळच काढायला मी महिनाभर बसलो होतो."

सगुणाबाईच्या हातात केरसुणी होती. ती तिनं खाली ठेवली नाही, चालवलीही नाही. आतून कमलच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती.

एकडोळीपुढे आता बघायला काही उरलं नव्हतं. मला बरं वाटलं. का वाटू नये? पण तेवढ्यात कमल भिंतीला धरून दारात आली, पालथ्या शिश्या बघितल्या आणि दिनकरला म्हणाली, "राहू द्या भाऊजी. आबा येतीलच दसऱ्याला. जाते मी." आणि माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

दिनकरनं मला दारामागून काढलं. माझ्या कड्याच्या खाचेत काही अडकलं असेल म्हणून कागदावर आपटलं. चिमूटभर पडलं. मला वाटलं, आता कळेल ह्या घराला, कोण उपयोगी पडतं. त्यानं ते एकडोळीखाली धरलं आणि मान हलवली.

"सगळं मिसळलंय. लाडू, काटे, गुळगुळीत, वर गव्हाचं पीठ."

म्हणजे तिथंही शेवटचा शब्द तिचाच.

दुसऱ्या दिवशी घट बसले. सगुणाबाई नवरात्र पाळायची. उपास आणि पायात वहाण नाही. दिनकर कॉलेजला गेला आणि ही बाई कुणाला काही न बोलता अनवाणी घराबाहेर पडली. उन्हं डोक्यावर आली तरी पत्ता नाही. परतली ती तीन वेगवेगळी फडकी तीन ठिकाणी बांधून. एक खांद्याला, एक कमरेला, एक हातात.

संध्याकाळी तिनं ती दिनकरपुढे ठेवली. "ही ज्वारी. फुलोरा संपत आलाय, पण शेजारच्या पंडिताच्या रानात मागास पेरणीची होती. ही बाभूळ. हे तुझं गवत. एकमेकाला शिवू दिलं न्हाई. एक तोडलं की ओढ्यावर हात धुतले, कोरडे केले, मगच दुसऱ्याला लावले."

दिनकर तिच्याकडे बघतच राहिला.

"बघतो काय? जन्मभर सोवळं पाळलंय मी. वेगळं कसं ठेवायचं ते तुझ्या कॉलेजानं मला शिकवू नये."

"माय, हात बघू."

तिनं हात पदराखाली घेतले. पण कमलनं बघितलं होतं. कोपरापर्यंत लाल पुरळ, खाजवून खाजवून ओरखडे. कमल खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि समोर बसली. सगुणाबाईनं थोडा वेळ हात दिला नाही. मग दिला.

"मघापासून लय आग व्हायलीय," ती म्हणाली. "ह्या गवतानंच."

"मी रोज त्याच्यातच बसते, आत्याबाई," कमल म्हणाली. तेवढंच म्हणाली.

फुलं वाळली तेव्हा दिनकर चाळायला बसणार, तर सगुणाबाईनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "तू झटके देतोस. चुरा पण खाली पडतो. सरक."

मित्रांनो, किती दिवसांनी तो हात माझ्या कड्याला लागला. एका तळहातावर मला तोलायचं आणि दुसऱ्यानं कड्यावर हलक्या टिचक्या द्यायच्या. तीच चाल, तोच ताल, फक्त नाकावर पदर होता आणि हातावर पुरळ. वाटीत पराग पडला तो असा निर्मळ, की दिनकर म्हणाला, "माय, मी महिन्यात काढला त्याच्यापेक्षा चांगला." मी मनात म्हटलं, म्हण की, चाळणी चांगली.

कसला म्हणतोय? तो पट्टी करून एकडोळीकडे गेला. आणि त्या दिवशी सगुणाबाईनं पहिल्यांदा तिला डोळा लावला. मी वाट बघत होते, की ही नाक मुरडेल आणि म्हणेल, ह्यात काय मोठं.

"एवढंसं?" ती म्हणाली. "अन् अंगाला काटे बघ मेल्याच्या. एवढ्याशानं माझी सून पाडली व्हय."

आणि पुन्हा डोळा लावला. पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. माझी सगुणाबाई. माझी.

नवरात्र संपत आलं तेव्हा कमल, दिनकर आणि बन्सीधर परभणीला जाऊन आले. डॉक्टरांनी तीन टोचण्या दिल्या होत्या. ज्वारीचं ठिकाण कोरडं, बाभळीचं कोरडं, गवताचं मात्र पावट्याएवढं फुगलेलं. कमलनं हात पुढे करून सासूला दाखवला. सगुणाबाईनं आपलं मनगट तिच्या मनगटाशेजारी धरलं. पुरळाशेजारी गांधी. बन्सीधर उठला, विळा घेतला, नाकाला उपरणं बांधलं आणि परसात गेला. ते त्या वर्षीचं त्याचं सगळ्यात मोठं भाषण.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पाटावर विळा, खुरपं, कुऱ्हाड मांडली आणि मधोमध, सगळ्यात मोठं झेंडूचं फूल वाहून, एकडोळी. मी दारामागून बघत होते. मला कुणी पाटावर मांडलं नाही. हत्यारांत मी बसत नाही म्हणे, आणि स्वयंपाकघरात आता चालत नाही.

दसऱ्याला भगवानराव गाडी जुंपून आले. गाडीत लेकीसाठी जास्तीचं अंथरूण घातलेलं होतं. आपट्याची पानं दिली-घेतली, आणि ते अवघडून म्हणाले, "कमलची तयारी झाली असंल तर निघतो. अंधाराच्या आत मुक्काम गाठावा म्हणतो."

"इवाई, सोनं दिलंत, आता जेवा. लेक न्यायची न्हाई."

"तुमीच निरोप धाडला होता."

"धाडला होता. आता दुसरा ऐका. पुढल्या साली पाऊस उघडला की या. परसातलं गवत फुलायच्या आत उपटायचं हाय. माणूस कमी पडतंय."

भगवानरावांनी गाडीतल्या अंथरुणाकडे बघितलं. "आन् कमल?"

"ती घरात बसंल. पुरण वाटंल. तिला बाहेर काय काम?" सगुणाबाई म्हणाली आणि पान वाढायला आत गेली.

सुलाबाईची भाची पुढे मानवतला दिली. दणकटच होती म्हणे.

एकडोळी तिच्या पेटीत बसून कॉलेजात परत गेली, आणि मीही तिच्या मागोमाग गेले, वर्तमानपत्रात गुंडाळून. दिनकरनं माझ्यातून आणखी पुष्कळ झाडांचे पराग चाळले. नंतर कॉलेजात स्टीलच्या चाळण्यांचा संच आला, एकात एक बसणाऱ्या, गुळगुळीत, बेचव पोरी. तेव्हापासून मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात आहे, खालच्या फळीवर. एकडोळीही आता म्हातारी झाली. तीही त्याच कपाटात आहे, मधल्या फळीवर. तिच्यापुढे तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली आहे. मुलं येतात, काचेला नाक लावतात आणि म्हणतात, ह्याच्यातून बघायचे. माझ्याकडे बघून म्हणतात, ही इथं कशाला?

मित्रांनो, तुमच्यासाठी सांगते. जे दाखवतं त्याला सगळे पुसतात, झाकतात, फूल वाहतात. जे निवडून, गाळून, वेगळं करून देतं ते दारामागे राहतं. तुमच्याही घरात असं कुणी असेल, वस्तू असेल नाहीतर माणूस असेल. त्याची धूळ झटका. त्याची जागा दुसऱ्याला देऊ नका. ते तोंडानं मागणार नाही, पण मनात धरून ठेवतं, हे माझ्यावरून ओळखा.

आणि कपाट आवरायचा दिवस तुमच्यावर आला, तर माझं एवढं काम करा. मला तिच्या शेजारी ठेवू नका, शेजार मला जमायचा नाही. वरची फळी रिकामी आहे. तिथं ठेवा.